स्वच्छ व कोरड्या भांड्यात

निवृत्त झाल्यापासून लग्नकार्यात माझ्या शेजारी जेवायला बसायला फारसं कुणी तयार नसतं. बसलाच कुणी, तर पानातलं पनीर माझ्याकडे सरकवून विचारतो, "मॅडम, बघा बरं, असली आहे का?" नुसतं बघून भेसळ कळत असती तर सरकारनं प्रयोगशाळा कशाला बांधल्या असत्या, असं मी दर वेळी सांगते. तरी लोक थोडा वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत राहतात, आणि मी घास घेतला की मगच स्वतः घेतात.

बुलडाणा जिल्ह्यात मी अन्न सुरक्षा अधिकारी होते. माझी नोकरी लागली तेव्हा या पदाला अन्न निरीक्षक म्हणत. नाव बदललं, काम तेच राहिलं. दुकानात जायचं, ओळख द्यायची, रीतसर विकत घेऊन नमुना काढायचा. दूध असेल तर चांगलं ढवळायचं, कारण साय वर आणि पाणी खाली राहिलं तर नमुना खोटा ठरतो. मग त्याचे चार भाग करायचे, बाटल्यांत भरायचे, टिकण्यासाठी औषधाचे थेंब घालायचे, लाखेनं सील करायचं, चिठ्ठी डकवायची. एक भाग प्रयोगशाळेत जातो, बाकीचे कार्यालयात कुलपात राहतात. दुकानदाराला निकाल पटला नाही तर राखून ठेवलेला भाग आणखी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतात. हे सगळं दोन पंचांच्या समोर. ते दोन पंच मिळवणं हे या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम. आम्ही दिसलो की गजबजलेल्या बाजारातही रस्ता मोकळा होतो.

माणसं मात्र एकेक भेटली. धाडच्या आठवडी बाजारात एक दूधवाला होता. मला बघताच त्याचा पाय कॅनला लागायचा आणि सगळं दूध जमिनीवर जायचं. दोन बाजार असेच गेले. तिसऱ्या बाजारी मी त्याच्याच गावाहून येणाऱ्या एसटीत त्याच्या मागच्या सीटवर बसून आले आणि कॅनला पाय लागायच्या आत नमुना काढला. संग्रामपूरचे एक मिरचीवाले शेठ माझ्यावर इतके चिडले की आपल्या पोत्यातलं चमचाभर तिखट त्यांनी माझ्यासमोर तोंडात टाकलं. डोळ्यांतून धारा लागल्या, पाण्याचा तांब्या संपला, तरी म्हणतात, "पाहा मॅडम, असली हाय म्हणूनच झोंबून राह्यलं!" पुढे रिपोर्ट आला तेव्हा शेठ खरे निघाले.

अशा गमती सांगायला लागले तर अंक पुरणार नाही. संपादकांनी आठवणीतली केस लिहायला सांगितली आहे, आणि मला आठवते ती माझ्या हातून झालेली चूक. ती एका बाईला तुरुंगापर्यंत घेऊन जाणार होती.

लोणार तालुक्यातल्या बीबीजवळ तेव्हा मोठ्या रस्त्याचं काम चालू होतं. बंगालचे, ओडिशाचे मजूर तिथल्या कॅम्पमध्ये राहत. त्यांचं जेवण गावातल्या वंदनाताईंच्या खानावळीत. पत्र्याचं छप्पर, दोन लांब बाकडी, भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, शेजारच्या फळ्यावर खडूनं लिहिलेला आजचा बेत. बाई चाळिशीपुढची, आवाज खणखणीत. मुलीचं पहिलं बाळंतपण घरीच केलं होतं आणि त्या घाईतही कॅम्पचा एक डबा चुकू दिला नव्हता. त्या मजुरांना मासे लागत. बीबीत मासा मिळतो तो बाजाराच्या दिवशी, रोज कुठून आणणार? मग कॅम्पच्या सुपरवायझरनं सुचवलं आणि ताईंनी टोमॅटोच्या रश्श्यातले डबाबंद मासे मागवायला सुरुवात केली.

तेवढ्यात मोबाईलवर एक मेसेज फिरायला लागला, की डब्यातल्या माशांत पारा असतो, खाल्ला की किडनी जाते. त्याच आठवड्यात उन्हात काम करून एका मजुराला उलट्या झाल्या. त्याला मेहकरला नेलं, दोन सलाईननं तो उठून बसला, डॉक्टर ऊन लागलं म्हणाले. पण कॅम्प बिथरला आणि आमच्याकडे तक्रार आली.

मेसेज अगदीच खोटा नव्हता. समुद्रातला मोठा मासा लहान माशांना खातो आणि त्यांच्या अंगातला थोडाथोडा पारा त्याच्या अंगात साठत जातो. पूर्वीच्या डब्यांच्या जोडाला शिसं वितळवून डाग दिलेला असायचा, ते शिसं आंबट रश्श्यात उतरायचं. शिसं, पारा, कॅडमियम यांना आम्ही जड धातू म्हणतो. त्यांना वास नाही, चव नाही, आणि कितीही उकळा, ते जात नाहीत. शरीरात गेले की मुक्काम ठोकतात. लहान मुलांना आणि पोटुशी बाईला त्यांचा धोका जास्त. म्हणून तक्रार आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी आणि आमचे नमुना सहायक देशमुखभाऊ बीबीला निघालो.

आता माझी चूक. बंद पाकिटातला माल असेल तर ती पाकिटं फोडायची नसतात. एकाच लॉटची बंद पाकिटं चार भागांत वाटून तशीच सील करायची. हे मला पाठ होतं, बिस्किटांचे पुडे मी तसेच घेत आले होते. पण डबाबंद माशाचा नमुना आमच्या जिल्ह्यात त्याआधी कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. माझा हात दुधाचा. त्यात मी जन्माची शाकाहारी. ताईंनी दाखवायला म्हणून पहिला डबा फोडला, तो वास नाकात गेला आणि माझं डोकंच चालेना. कधी एकदा हे उरकतं असं झालं. तोंडातून सवयीनं निघून गेलं, "सगळे फोडा, एका भांड्यात काढा, एकजीव करू."

ताईंनी रोजचं स्टीलचं पातेलं हातात घेतलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते खाली ठेवलं.

"थांबा मॅडम, तुमच्यासाठी चांगलं भांडं देतो," म्हणत त्या घरात गेल्या आणि पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली मोठी पितळी परात घेऊन आल्या. "परवाच कल्हई करून घेतली. नातीच्या बारशाले काढली हाय. अजून कोणाचा हात नाही लागला."

आजच्या पोरींसाठी सांगते. पितळ आणि आंबट यांचं जमत नाही, पदार्थ कळकतो. म्हणून पितळेला आतून कथलाचा पातळ थर देतात, ती कल्हई. ती परात चांदीसारखी लखलखत होती. मला बरंच वाटलं. इतकं स्वच्छ भांडं मला क्वचितच कुणी दिलं होतं.

मग पंचांची शोधाशोध. शिंप्यानं कात्री ठेवली आणि म्हणाला, "मले लग्नाचे कपडे देणं हाय." किराणावाला दुकान लावून घरी गेला. चैत्राचं ऊन, पत्र्याचं छप्पर, आणि तो आंबट रस्सा त्या परातीत दोन तास उभा. कडेला वाळू नये म्हणून मी अधूनमधून स्टीलच्या उलथण्यानं खरवडून ढवळत होते. अखेर पोस्टमन मिळाला, आणि त्यानं दटावल्यावर शिंपीही आला. बरण्या भरल्या. देशमुखभाऊंनी पंचनामा लिहिला. नमुना स्वच्छ व कोरड्या भांड्यात काढून, ढवळून एकजीव करण्यात आला. हे वाक्य मी उभ्या नोकरीत इतक्यांदा लिहिलं आणि लिहवलं होतं की ते वाचायचीही मला गरज वाटली नाही. उरलेले डबे पेटीत सील करून, विकायचे नाहीत असं बजावून, आम्ही परतलो. परात घासून, पुन्हा फडक्यात गुंडाळून माळ्यावर गेली.

दोन आठवड्यांनी रिपोर्ट आला. असुरक्षित. शिसं मर्यादेच्या कितीतरी पट.

आमच्या कायद्यात दर्जा कमी निघाला तर दंडावर भागतं. असुरक्षित हा शब्द आला की प्रकरण कोर्टात जातं आणि तिथे तुरुंगही होऊ शकतो. खानावळ बंद करण्याची नोटीस घेऊन मी स्वतः गेले. लोक अशा वेळी भांडतात, आमदाराला फोन लावतात, तुम्हीच काहीतरी घातलं असंही म्हणतात. वंदनाताईंनी यातलं काहीच केलं नाही. नोटीस घडी घालून त्यांनी फळ्यावरचा बेत पुसला.

"म्या माह्या हातानं वाढलं त्यायले," एवढंच म्हणाल्या. "नको म्हणत, तरी वाढलं."

तुम्हाला अपील करता येतं, राखून ठेवलेला भाग दुसरीकडे तपासता येतो, हे मी समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ऐकलं असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, प्रयोगशाळेतून सुलभाताईंचा फोन आला. त्या तिथल्या विश्लेषक, आमची जुनी ओळख. "अगं, पारा ठीक आहे, कॅडमियम ठीक आहे. माशात सापडायचं ते काही सापडलं नाही, आणि शिसं मात्र एवढं? आजकालच्या डब्यांना शिशाचा डाग नसतो. कथीलही भरपूर निघालंय. आणि तू बरण्या कशाला पाठवल्यास? बंद डबे का नाही पाठवलेस?"

कथील. कल्हई. ती परात, तो आंबट रस्सा, ते दोन तास, आणि माझं खरवडणं. कल्हईच्या कथलात कुणी शिसं मिसळलं असेल तर ते मीच माशात कालवलं होतं.

त्या तासाभरात माझ्या मनात जे आलं ते लपवत नाही. हे कुणालाच कळलं नव्हतं. पंचनामा नीट होता. निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. अपील करतील, निकाल लागेल, आपण कशाला मध्ये पडा? आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. चारही भाग त्याच परातीतले होते. त्यांनी अपील केलं असतं तरी दुसऱ्या बरणीतही तेच शिसं निघालं असतं, मग तिसऱ्या बरणीतही. बाईला सुटायला जी एक वाट कायद्यानं ठेवली होती, ती मी आधीच बंद करून ठेवली होती. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

आणि ती परात नातीच्या बारशासाठी काढलेली होती. मी फोन लावला.

"वंदनाताई, ती परात कुठं आहे?"

"माळ्यावर. काऊन?"

"त्यानंतर तिच्यात काही केलं?"

"नाही जी. रविवारी आंबट वरण करणं हाय तिच्यात."

"करू नका. खालीसुद्धा काढू नका. मी उद्या येते."

"आता परातीनं काय केलं?" त्या म्हणाल्या. आल्यावर सांगते म्हणून मी फोन ठेवला.

साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी समोरची फाईल मिटली. "हे लेखी देणार तुम्ही? चौकशी बसेल."

"बसू द्या," मी म्हटलं. आणि त्या दिवशी मी पोटभर जेवले.

शुक्रवारी सकाळी मेहकरहून जालन्याची एसटी पकडून बीबी गाठली. पोस्टमन मला बघून म्हणाला, "पुन्हा मासे?" या वेळी पेटीतले बंद डबे, न फोडता, चार भागांत सील केले. परातीची कल्हई खरवडून तिचा वेगळा नमुना घेतला. शंका आहे, खात्री नाही, एवढंच मी ताईंना सांगितलं. उगाच आशा लावायची आणि पुन्हा रिपोर्ट उलटा यायचा, याची मला भीती होती. परात मी सोबत नेली.

ताईंनी सांगितलेले कल्हईवाले बाबा दुपारी सुलतानपूरला एका ओट्यावर भाता लावून बसलेले सापडले. थकलेले गृहस्थ, बोटं काळी झालेली, बोलणं अगदी मऊ. मी विचारलं, कथील कुठलं वापरता? त्यांनी सरळ पिशवीतून काढून दाखवलं. "चांगलं कथील मिळून नाही राह्यलं, मॅडम. मंग रेडिओ-टीव्हीवाल्याकडून डागाची तार घेतली अन् मिसळली. लवकर पातळते. चमक बी पाहा ना, कशी येते!"

डागाची तार म्हणजे जोड लावायची तार, तिच्यात शिसं असतं. बाबांना हे ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तशी त्यांनी हातातली तार दूर ठेवली. "कोनाले काही झालं का जी?" असं तीनदा विचारलं. त्या मिश्रणानं त्यांनी दोनच भांडी केली होती. एक ती परात. दुसरा बीबीतल्याच एका निवृत्त गुरुजींच्या घरचा वरण शिजवायचा पितळी गंज. बाबा भाता तसाच सोडून माझ्याबरोबर गुरुजींकडे आले. गंजात दोनदा वरण झालं होतं. गुरुजी आणि त्यांच्या पत्नीला डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासलं, ते ठीक निघालं. ठीक निघालं नाही ते बाबांचं. त्या तारेचा धूर त्यांनी नाकासमोर घेतला होता. औषधपाणी झालं, पुढे तेही बरे झाले. पण अन्न सुरक्षेच्या नावानं सगळं आयुष्य फिरले, आणि कल्हईवाल्याच्या पिशवीत काय असतं हे एकदाही विचारलं नव्हतं, याची रुखरुख आजही आहे.

सुलभाताईंनी हातातलं काम बाजूला ठेवून आमचे नमुने आधी घेतले. तरी काही दिवस गेलेच. ते दिवस कसे गेले ते विचारू नका. घरी भाजी फोडणीला टाकायची आणि तशीच उभी राहायची. बंद डब्यांतही शिसं निघालं तर? मग चूक करूनही मी बरोबर ठरणार होते, आणि मला तेच नको होतं.

रिपोर्ट आला. बंद डब्यांतले मासे सर्व बाबतींत मर्यादेत. कल्हईच्या खरवडीत शिसं. मी तो कागद दोनदा वाचला आणि ऑफिसात सगळ्यांसमोर मोठ्यानं "हुश्श" केलं. देशमुखभाऊंनी घाबरून पाणी आणलं. पुढे माझी चौकशी झाली, लेखी ताकीद मिळाली, ती माझ्या फाईलला लागली. नव्या पोरापोरींना शिकवायला बोलावतात तेव्हा मी ती ताकीद सोबत नेते आणि वाचून दाखवते.

रिपोर्ट पोस्टानं पाठवता आला असता. मी स्वतः घेऊन गेले. खानावळीचं दार अर्धं लावलेलं. वंदनाताई आत धान्य निवडत बसल्या होत्या, चेहरा उतरलेला. बारसं झालं होतं. स्वयंपाकाला बाहेरची बाई बोलावली होती. माह्या हातचं कोनाले नको, असं ताईच म्हणाल्या होत्या.

मी उभ्यानंच सांगितलं. मासे चांगले आहेत. शिसं परातीच्या कल्हईतलं. आणि ते मिसळलं ते मी, बंद डबे फोडायला लावून. चूक माझी. तुमच्यावर काही नाही.

केस सुटली का, लायसन कधी मिळेल, हे प्रश्न येणार म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. सुटका झालेल्या माणसाचं तेच पहिलं विचारणं असतं.

"म्हंजे त्या पोरायच्या पोटात काही गेलं नाही?" त्यांनी विचारलं.

"काही नाही गेलं."

"एकाच्याबी नाही?"

"एकाच्याही नाही, वंदनाताई. ती परात फक्त माझ्या नमुन्याला लागली. त्यांच्या ताटात त्यातलं काही गेलंच नाही."

हातातलं सूप बाजूला पडलं. तोंडाला पदर लावून ती बाई इतकी रडली की शेजारच्या बायका दारात जमल्या. मग डोळे पुसले आणि माझ्यावर उखडली. "अन् तुमाले कळत नोतं काय? येवढ्या शिकल्या न तुम्ही! म्या अडाणी, म्या भांडं देलं. तुम्ही नाही म्हणाचं होतं! इतके दिवस मले झोप नाही मॅडम. नातीले मांडीवर नाही घेतलं म्या, हात लागन म्हणून!" ती बोलत होती आणि मी मान खाली घालून सगळं ऐकून घेत होते. एकही शब्द खोटा नव्हता. मला इतकं हलकं वाटत होतं की ती थांबली नसती तरी चाललं असतं.

बोलून झाल्यावर ती उठली. मोरीवर जाऊन साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत. पाळण्यातून नातीला उचललं आणि छातीशी धरून आत स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं पिठाच्या डब्याचं झाकण वाजलं. ताईंची मुलगी दारातून माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मॅडम, मायनं आज पीठ घेतलं हातात."

तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.